सुगंधी तेलें आणि पिण्याचें पाणी

शुद्ध पाण्याला रंग नसतो, रुचि नसते आणि वासहि नसतो, असें शाळेंतील पहिल्या धड्यांत शिकविलें जातें. तरीहि उन्हाळा लागला कीं अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील कित्येक घरांच्या माठांत वाळ्याची जुडी पडते, देवघरांतील तीर्थांत तुळशीचें पान असतें, आणि पाहुण्यापुढें ठेवलेल्या पाण्याला क्वचित् केवड्याचा सुवास असतो. या सुवासामागें नुसती हौस नाहीं. सुवासिक वस्तु पडली म्हणजे पाणी निर्दोष झालें, अशी एक समजूत त्याच्यामागें पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. २०२१ सालीं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतून अशी वार्ता आली कीं, वनस्पतींच्या तेलांच्या साहाय्यानें पाण्यांतील जंतूंचा नाश करण्याची एक नवी रीति तेथें सिद्ध झाली आहे. ती वाचून जुन्या समजुतीवर शास्त्राचा शिक्काच बसला, असें एखाद्या गृहिणीस वाटलें तर तिला दोष देतां येणार नाहीं.

मग पाणी उकळण्याचा खटाटोप तरी कशाला? इंधन जाळावयाचें, पाणी निवत ठेवावयाचें, पुन्हां गाळून भरावयाचें. त्यापेक्षां लवंगेच्या किंवा तुळशीच्या तेलाचे दोन थेंब माठांत टाकले तर काय बिघडलें? प्रश्न वरवर साधा दिसतो. परंतु पटकी, विषमज्वर, आमांश, कावीळ हे रोग पाण्याच्या वाटेनेंच घरांत शिरतात, आणि या प्रश्नाचें उत्तर चुकलें तर त्याची किंमत बहुधा घरांतील सर्वांत लहान मुलाला द्यावी लागते. म्हणून या तेलांची शक्ति किती आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हें नीट समजून घेतलें पाहिजे.

आधीं उपनगरांतील घरीं पाणी कोणत्या वाटेनें येतें तें पाहूं. मुंबईसाठीं बांधलेला पहिला मोठा तलाव म्हणजे विहार. तो १८६० सालीं पुरा झाला. त्यामागून १८७९ सालीं तुळशी आणि १८९१ च्या सुमारास पवई असे आणखी दोन तलाव झाले. हे तिन्ही तलाव आजच्या उपनगरांच्या हद्दींतच आहेत. पवईचें पाणी पिण्यास योग्य नाहीं असें लवकरच ठरलें आणि तें इतर कामांकडे लावण्यांत आलें. शहर वाढत गेलें तसतसें पाणी दूरदूरून आणावें लागलें. तानसा तलावाचें पाणी १८९२ सालीं आलें. पुढें वैतरणा व भातसा या नद्यांवर धरणें झालीं. आज शहराच्या पाण्याचा फार मोठा भाग या दूरच्या धरणांतून येतो. विहार आणि तुळशी यांचा वाटा अगदीं अल्प आहे.

यांपैकीं पुष्कळसें पाणी मुलुंडच्या शेजारीं भांडूप येथील शुद्धीकरण केंद्रांत येतें. दिवसाला १९१० दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करावें, अशा हिशेबानें या केंद्राची मूळ उभारणी झालेली आहे. तेथें पाण्यांत तुरटीच्या जातीचें द्रव्य मिसळतात. त्यायोगें गढूळपणाचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून जड होतात व तळाशीं बसतात. वरचें निवळ पाणी वाळूच्या थरांतून गाळून घेतात आणि शेवटीं त्यांत क्लोरीन सोडतात. क्लोरीनाचें काम दुहेरी असतें. केंद्रांत असलेल्या जंतूंना मारणें हें पहिलें. आणि पुढें नळांतून जातांना जर नवे जंतू शिरले तर त्यांचाहि समाचार घेणें हें दुसरें. याकरितां थोडा क्लोरीन पाण्यांत मुद्दाम शिल्लक ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणें क्लोरीन मिसळून अर्धा तास झाल्यावर पाण्यांत लिटरमागें निदान अर्धा मिलिग्राम मोकळा क्लोरीन उरावा. आणि भारतीय मानकाप्रमाणें घरच्या नळापाशीं तो निदान ०.२ मिलिग्राम असावा. हा उरलेला क्लोरीन म्हणजे पाण्याबरोबर घरापर्यंत चालत येणारा पहारेकरीच होय.

पहारेकऱ्याची गरज कां पडते? केंद्रांतून निघालेलें पाणी टेकड्यांवरील जलाशयांत सांठतें, तेथून मोठ्या नळांत, मग गल्लीच्या नळांत, मग इमारतीच्या तळच्या टाकींत, तेथून पंपानें गच्चीवरच्या टाकींत, आणि अखेर स्वयंपाकघरांतील नळाला येतें. शहराच्या बहुतेक भागांत पाणी दिवसांतून कांहीं ठराविक तासच सुटतें. उरलेल्या वेळीं नळांतील दाब नाहींसा होतो. आणि जमिनीखालीं एखादा सांधा ढिला असेल व त्याच्या शेजारून गटार वाहत असेल, तर तेथील घाण त्या रिकाम्या नळांत ओढली जाते. हुबळी व धारवाड या शहरांत कांहीं भागांना चोवीस तास आणि कांहीं भागांना ठराविक वेळीं पाणी मिळत असे. या दोन्ही प्रकारच्या पाण्याची तुलना करणारे अभ्यास २०१३ व २०१४ सालीं प्रसिद्ध झाले. ठराविक वेळच्या पाण्यांत जंतूंचें प्रमाण अधिक आढळलें. आणि त्यांतहि नळ सुटल्याबरोबर येणारें पहिलें पाणी व दाब कमी असतांना येणारें पाणी हीं सर्वांत दूषित निघालीं. म्हणजे भांडूपला निर्दोष असलेलें पाणी घरीं येईपर्यंत तसेंच राहील अशी खात्री देतां येत नाहीं, आणि शेवटची काळजी घराच्या उंबरठ्याच्या आंतच घ्यावी लागते. ती काळजी सुगंधी तेल घेऊं शकेल काय, हा खरा प्रश्न आहे.

सुगंधी तेल हें तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलासारखें नसतें. तिळाचें तेल कागदावर पडलें तर डाग राहतो. लवंगेच्या किंवा निलगिरीच्या तेलाचा थेंब पडला तर तो कांहीं वेळानें उडून जातो. पान, फूल, साल किंवा बीं पाण्याबरोबर उकळून त्याची वाफ थंड केली म्हणजे पाण्याबरोबर हें उडून जाणारें तेल निराळें मिळतें. महाराष्ट्राला हा उद्योग नवा नाहीं. खानदेशांत रोशा नांवाच्या गवताचें तेल भट्ट्या लावून काढीत असत. तें मुंबई बंदरांतून पश्चिमेकडे जाई, आणि गुलाबाच्या अत्तरांत भेसळ करण्याच्या कामीं त्याचा मोठा उपयोग होई. कोकणांत अंगणाच्या कडेला वाढणाऱ्या गवती चहाचें तेलहि याच कुळांतलें.

प्रत्येक तेलाचा गुण त्यांतील मुख्य द्रव्यावर अवलंबून असतो. लवंगेच्या तेलांत शेंकडा ७० ते ८५ भाग युजेनॉल नांवाचें द्रव्य असतें. दांत दुखतांना लवंगतेलानें जी बधिरता येते ती याचीच. तुळशीच्या तेलांतहि युजेनॉल असतें. गवती चहाच्या तेलांत सिट्रल आणि रोशा तेलांत जिरॅनिऑल हीं द्रव्यें प्रमुख असतात. ओव्याच्या बियांत शेंकडा दोन ते चार भाग तेल असून त्या तेलाचा साधारण अर्धा भाग थायमॉल असतो. वैद्यांच्या दुकानीं ‘ओव्याचें फूल’ म्हणून जे पांढरे खडे मिळतात, तें हें थायमॉलच. पहिल्या महायुद्धापूर्वीं हिंदुस्थानांतील ओवा जहाजें भरून जर्मनीस जाई आणि तेथें त्याचें थायमॉल काढलें जाई. कारण जंतुनाशक म्हणून औषधांत त्याला चांगली मागणी होती.

हीं तेलें जंतूंना मारतात हें खोटें नाहीं. पाश्चरच्या प्रयोगशाळेंतील शँबरलँ या शास्त्रज्ञानें १८८७ सालीं अनेक सुगंधी तेलांची परीक्षा केली आणि कित्येक तेलांनीं जंतूंची वाढ थांबते असें दाखविलें. त्यानंतरच्या शतकांत जगांतील असंख्य प्रयोगशाळांनीं ही गोष्ट पुन्हां पुन्हां पडताळून पाहिली आहे. तेलें हें कार्य कसें करतात, हेंहि आतां बरेंच कळलें आहे. जंतु म्हणजे एक सूक्ष्म पेशी असून तिच्याभोंवतीं स्निग्ध द्रव्याचें एक पातळ पटल असतें. पेशीला लागणारे क्षार आणि शक्तीचा सांठा हें पटल आंत अडवून धरतें. थायमॉल किंवा युजेनॉल यांचे कण पाण्यापेक्षां स्निग्ध पदार्थांत अधिक सहज विरघळतात. ते त्या पटलांत घुसतात, त्याची वीण सैल करतात, आणि मग फुटक्या घागरीप्रमाणें पेशींतील सर्व सार बाहेर गळून जातें. जंतु मरतो.

मात्र सर्व जंतू या माऱ्याला सारखे बळी पडत नाहींत. १८८४ सालीं ग्राम या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञानें जंतूंना रंग देण्याची एक रीति शोधून काढली. तिच्यायोगें जंतूंचे दोन वर्ग पडले: जांभळा रंग धरून ठेवणारे ते ग्राम-धन आणि तो सोडून देणारे ते ग्राम-ऋण. ग्राम-ऋण जंतूंना आंतल्या पटलाबाहेर आणखी एक आवरण असतें, आणि तें तेलकट द्रव्यांना सहसा आंत येऊं देत नाहीं. यामुळें जें तेल गळवांतील ग्राम-धन जंतूंना चटकन् मारतें, तेंच तेल ग्राम-ऋण जंतूंपुढें पुष्कळ वेळां दुबळें ठरतें. आणि पटकीचा जंतु, विषमज्वराचा जंतु, रक्ती आमांशाचा जंतु, तसेंच मैलामिश्रित पाण्याची खूण मानला जाणारा कोलाय जंतु हे सर्वच्या सर्व ग्राम-ऋण आहेत! पाण्यांतील मुख्य शत्रूच तेलाच्या विरुद्ध चिलखत घालून बसलेला आहे.

दुसरी अडचण प्रमाणाची. आणि घरच्या वापराच्या दृष्टीनें हीच निर्णायक आहे. थायमॉल हें या वर्गांतील प्रबळ द्रव्यांपैकीं एक. कोलाय जंतूची वाढ थांबविण्यास प्रयोगशाळेंत तें लिटरमागें सामान्यतः १०० ते ५०० मिलिग्राम लागतें. हे प्रयोग जंतूंच्या पोषक रसांत केलेले असतात, आणि त्या रसांतील पदार्थ तेलाचा कांहीं भाग अडवून धरतात. म्हणून स्वच्छ पाण्यांत थोडें कमी प्रमाण पुरेल. परंतु वाढ थांबविणें निराळें आणि सर्व जंतूंना ठार करणें निराळें. त्याला कित्येकदां अधिक द्रव्य लागतें. हिशेबासाठीं लिटरमागें ३०० मिलिग्राम धरूं. जुन्या मापानें हें सुमारें अडीच गुंजा वजन झालें. याउलट शिल्लक क्लोरीनाचें प्रमाण अर्धा मिलिग्राम, म्हणजे एका गुंजेचा सुमारें दोनशेंचाळिसावा भाग! एकाच कामासाठीं दोन द्रव्यांच्या मात्रांत शेंकडों पटींचा फरक पडतो.

या हिशेबाचा अर्थ घरच्या भाषेंत असा होतो. लिटरला ३०० मिलिग्राम म्हणजे पावशेरी पेल्याऐवजीं साधा २०० मिलिलिटरचा पेला घेतला तरी त्यांत ६० मिलिग्राम थायमॉल येईल. एक ग्राम ओव्यांत तें १० ते २० मिलिग्राम असतें. म्हणजे प्रत्येक पेल्यांत दीड-दोन चमचे ओव्याचा सगळा अर्क उतरला पाहिजे. असें पाणी पोट दुखतांना एखाद्या वेळीं घशाखालीं उतरेल. परंतु दिवसभर तेंच पिणें, त्यांतच आमटी शिजविणें आणि तान्ह्या मुलाला तेंच पाजणें कोणास शक्य आहे? शिवाय थायमॉल निरुपद्रवीहि नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं आंतड्यांतील अंकुशकृमि काढण्यासाठीं डॉक्टर तें दोन-चार ग्रामांच्या मात्रेनें देत, आणि त्याच्या विषारी परिणामांमुळें रोग्यावर कडक पथ्यें लादावीं लागत. पुढें अधिक सुरक्षित औषधें सांपडतांच तें मागें पडलें.

तिसरी अडचण अशी कीं, तेल आणि पाणी यांचें पटत नाहीं. माठांत टाकलेला तेलाचा थेंब पृष्ठभागावर तरंगतो किंवा, लवंगतेलासारखें जड तेल असल्यास, तळाशीं जाऊन बसतो. त्यांतील अल्प भाग पाण्यांत विरघळतो, कांहीं उडून जातो, आणि मधल्या पाण्यांतील जंतू सुखरूप राहतात. मात्र वरचा पेला ज्याच्या वाट्यास येईल त्याच्या पोटांत तेल जवळजवळ निखळ जातें. हा धोका किरकोळ नव्हे. लहान मुलांनीं चमचा-दोन चमचे लवंगतेल गिळल्यानें यकृतास गंभीर इजा झाल्याच्या, आणि निलगिरीच्या तेलानें झटके येऊन शुद्ध हरपल्याच्या घटना वैद्यकीय ग्रंथांत नोंदलेल्या आहेत. अशा तेलांच्या बाटल्या खरोखर औषधांप्रमाणें मुलांच्या हातास न लागतील अशाच ठेवल्या पाहिजेत.

चौथी गोष्ट म्हणजे पाण्यांतील शत्रु केवळ जंतूच नाहींत. कावीळ आणि मुलांचा अतिसार यांचे कित्येक विषाणु पाण्यांतून येतात. या विषाणूंच्या अंगावर स्निग्ध पटलच नसतें. ज्याचें घर फोडून तेल जंतूला मारतें, तें घरच येथें नाहीं. मग तेलानें फोडावें काय? अमीबासारख्या प्राण्यांच्या कठीण कवचाच्या गांठी तर क्लोरीनालाहि सहजासहजीं दाद देत नाहींत.

असें असतांना पुण्याच्या प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञांनीं केलें तरी काय? त्यांनीं तेलाला एकट्याला लढावयास पाठविलें नाहीं, हेंच त्यांच्या रीतीचें मर्म आहे. पाणी जोरानें अरुंद वाटेंतून किंवा भोंवऱ्यांतून नेलें म्हणजे त्यांतील कांहीं ठिकाणीं दाब एकदम उतरतो आणि तेथें सूक्ष्म बुडबुडे उत्पन्न होतात. पुढें दाब वाढतांच ते कोसळतात. कोसळण्याची ही क्रिया क्षणाच्या अत्यल्प अंशांत घडते, पण तेवढ्या बिंदूपुरती प्रचंड उष्णता आणि धक्का निर्माण करते. जहाजांचे पोलादी पंखे अशाच बुडबुड्यांनीं कुरतडले जातात. लॉर्ड रॅले यानें १९१७ सालीं या कोसळण्याचें गणित मांडलें. या क्रियेला कॅव्हिटेशन म्हणतात. पुण्याच्या प्रयोगांत अशा वाहत्या पाण्यांत वनस्पतींचीं तेलें मिसळलीं गेलीं. बुडबुड्यांच्या धक्क्यानें तेलाचे अत्यंत बारीक कण होऊन सर्व पाण्यांत पसरतात, आणि त्याच धक्क्यानें जंतूंचीं आवरणेंहि खिळखिळीं होतात. जें चिलखत तेलाला भेदतां येत नाहीं त्याला बुडबुडा भगदाड पाडतो, आणि त्या भगदाडांतून तेल आंत शिरतें. कोलाय या ग्राम-ऋण जंतूवर आणि स्टॅफिलोकॉकस या ग्राम-धन जंतूवर केलेल्या प्रयोगांत या जोडीचें काम नुसत्या बुडबुड्यांपेक्षां पुष्कळ लवकर झालें. भारतीय परंपरेंतील ज्ञानाचा आधार घेतल्यामुळें या उपक्रमास ‘स्वस्तिक’ असें नांव देण्यांत आलें.

हा शोध उपेक्षा करण्यासारखा मुळींच नाहीं. क्लोरीनांतहि दोष आहेत. पाण्यांत कुजलेल्या पानांचे वगैरे अंश असतील तर त्यांच्याशीं संयोग होऊन क्लोरीनाचीं कांहीं हानिकारक संयुगें बनतात, ही गोष्ट १९७४ सालीं उघडकीस आली. शिवाय क्लोरीनाचा सांठा आणि वाहतूक धोक्याची असते. म्हणून त्याला पर्याय शोधणें योग्यच आहे. परंतु प्रयोगशाळेंतील यश आणि घरचा माठ यांच्यामध्यें लांबचें अंतर आहे. पुण्याची रीति म्हणजे पंप, विशिष्ट घडणीची नळी आणि मोजून घातलेलें तेल यांचें यंत्र आहे; बाटलींतून दोन थेंब टाकण्याची ती कृति नव्हे. अशा यंत्रानें शुद्ध केलेल्या पाण्याची चव, त्यांत उरलेल्या तेलाचा दीर्घकाळ पिणाऱ्यावर होणारा परिणाम, विषाणूंवरील कार्य आणि खर्च, या सर्व कसोट्यांना उतरल्यावरच कोणतीहि नवी रीति शहराच्या नळाला जोडतां येते. क्लोरीनाचा आणखी एक गुण विसरतां कामा नये. तो पाण्यांत किती उरला आहे हें साध्या रंगाच्या परीक्षेनें क्षणांत मोजतां येतें. तेलाचा वास येतो एवढ्यावरून मात्र जंतू मेले असें कधींच म्हणतां येत नाहीं.

आतां राहिली तुळशीच्या पानांची गोष्ट. तेल न टाकतां पानें टाकलीं तर? दहा पानांचें वजन दोन ग्राम धरलें आणि त्यांत शेंकडा अर्धा भाग तेल आहे असें उदारपणें मानलें, तरी सगळें मिळून १० मिलिग्राम तेल होतें. दहा लिटरच्या माठांत तें सर्व उतरलें तर लिटरमागें एक मिलिग्राम पडेल. आणि थंड पाण्यांत तें सर्व उतरत नाहीं. जेथें शेंकडों मिलिग्राम हवेत तेथें या एका मिलिग्रामाचा काय पाड? तुळशीचें पान श्रद्धेनें घालणाऱ्यानें अवश्य घालावें. त्याचें स्थान देवघरांत आहे. परंतु गढूळ किंवा संशयित पाणी त्यानें पिण्याजोगें होईल हा भरंवसा ठेवूं नये.

याहून अधिक महत्त्वाची, आणि बहुधा लक्षांत न येणारी, एक गोष्ट आहे. थायमॉल, युजेनॉल आणि त्यांसारखीं द्रव्यें क्लोरीनाशीं संयोग पावतात. पानें, मुळ्या, सालीं यांतील इतर सेंद्रिय अंशहि तेंच करतात. या संयोगांत क्लोरीन खर्च होऊन जातो. म्हणजे महानगरपालिकेनें भांडूपपासून घरापर्यंत पाण्याबरोबर जो पहारेकरी पाठविला, त्यालाच घरांतल्या माणसानें वाळा, पानें किंवा तेल टाकून दारांतून परत पाठविल्यासारखें होतें. नवा पहारेकरी दुबळा, आणि जुना गेलेला! पुढें दिवसभर त्या माठांत कोणी हात बुडविला, कोणी उष्टा पेला घातला, तर त्या जंतूंना अडविणारें पाण्यांत कांहींच उरत नाहीं. आणि न धुतलेल्या मुळ्यांबरोबर मातींतील जंतू माठांत येतात ते निराळेच.

येथें कोणी म्हणेल कीं, मग आपले पूर्वज पाणी सुवासिक करीत तें काय उगाच? पूर्वजांचें म्हणणें नीट वाचलें तर हा आक्षेप उरत नाहीं. सुश्रुतसंहितेंत पाण्याविषयीं जो अध्याय आहे त्यांत दूषित पाण्यावरील उपाय सांगितले आहेत. अग्नीवर उकळणें, उन्हांत तापविणें, तापलेला लोखंडाचा गोळा किंवा वाळू पाण्यांत विझविणें हे उपाय एका बाजूस. निवळीच्या बियांसारख्या वस्तूंनीं पाणी निवळ करणें हें दुसऱ्या बाजूस. आणि नागचाफा, कमळ, पाटला यांसारख्या फुलांनीं त्याला सुवास देणें हें त्यानंतर. तापविणें, निवळ करणें आणि सुवासिक करणें या तिन्ही क्रिया ग्रंथकारानें निरनिराळ्या सांगितल्या आहेत. फुलांनीं उकळण्याचें काम होतें असें त्यानें म्हटलेलें नाहीं. गोंधळ शास्त्राचा नव्हे. पुढच्या काळांत आळसानें पहिल्या दोन पायऱ्या गाळल्या आणि सुवासिक तेवढी तिसरी ठेवली, त्याचा तो आहे.

योगायोग असा कीं, ज्या शँबरलँनें सुगंधी तेलांची परीक्षा केली, त्यानेंच त्याआधीं १८८४ सालीं चिनी मातीची एक नळी तयार केली होती. तिच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पार जाई आणि जंतू मागें अडकत. घरोघरच्या गाळणींत जी पांढरी ‘कँडल’ असते ती याच नळीच्या वंशांतली. पाणी शुद्ध करण्याच्या कामीं त्याच्या दोन उद्योगांपैकीं नळी टिकली; तेलें मात्र मलमांत, दंतमंजनांत आणि गुळण्यांच्या औषधांत गेलीं. त्या ठिकाणीं त्यांची मात्रा थोड्या जागेवर भरपूर पडते, आणि तें द्रव्य गिळावयाचें नसतें. तेथें त्यांनीं आपलें नांव राखलें आहे.

गृहस्थानें व्यवहारांत करावयाचें तें थोडकें आहे. नळ सुटल्यावर येणारें पहिलें पाणी धुण्याभांड्यांकडे वळवावें आणि पिण्याचें त्यानंतर भरावें. इमारतीच्या तळच्या व गच्चीवरच्या टाक्या वर्षांतून निदान दोनदां, आणि त्यांपैकीं एकदां पावसाळ्याच्या तोंडीं, उपसून घासून घ्याव्या. त्यांचीं झांकणें घट्ट बसतात कीं नाहीं हें सोसायटीच्या सभासदांनीं स्वतः पाहावें. पावसाळ्यांत, टँकरचें पाणी आल्यास, किंवा पाण्याला गटाराचा वास अथवा गढूळपणा आल्यास पाणी खळखळून उकळी येईपर्यंत तापवावें आणि मिनिटभर तसेंच उकळूं द्यावें. जंतू, विषाणु आणि अमीबाच्या गांठी या सर्वांवर चालणारा एवढा एकच उपाय प्रत्येक स्वयंपाकघरांत आहे. कँडलच्या गाळणीनें गाळ आणि पुष्कळ जंतू अडतात, पण विषाणु तिच्यांतून निसटूं शकतात. म्हणून साथीच्या दिवसांत गाळलेलें पाणीहि उकळावें. उकळणें अशक्य असेल तेव्हां क्लोरीनच्या गोळ्या वेष्टणावर दिलेल्या प्रमाणांत घालून अर्धा तास थांबावें. निवलेलें पाणी झांकून ठेवावें आणि लांब दांड्याच्या ओगराळ्यानेंच काढावें.

आणि वाळा? ज्याला त्याचा सुवास प्रिय आहे त्यानें तो टाकून देण्याचें कारण नाहीं. जुडी स्वच्छ धुवावी, पाणी उकळून चुलीवरून उतरविण्याच्या बेतास आलें कीं त्यांत सोडावी, त्या उकळत्या पाण्यांत तिला मिनिटभर राहूं द्यावें, आणि मग तें पाणी जुडीसकट झांकून निवूं द्यावें. ही जुडी दोन-तीन दिवसांनीं बदलावी. अशा पाण्याचा सुवास मनसोक्त घ्यावा. कारण त्यांतील जंतूंचा बंदोबस्त आधींच अग्नीनें केलेला आहे.